चष्मा पुसायची खोड

आमच्या लॅबमधलं रक्ताच्या नळ्या गरगर फिरवणारं मशीन जळालं नसतं, तर भिकन पगारे मला कधी भेटलाच नसता. मशीन जळाल्याचं खापर त्या दिवशी माझ्या डोक्यावर फुटलं होतं, त्यामुळे तो जिना चढून वर आला तेव्हा मी आधीच भडकलेली होते. तसा माझा स्वभावच फटकळ. आई म्हणायची, सुमेधाच्या जिभेला हाड नाही आणि बोलण्यात औषधालाही गोडवा नाही.

नाशिकच्या गंगापूर रोडवर पहिल्या मजल्यावर आमची लॅब होती. साल शहाऐंशी. श्रावणातली झड लागलेली आणि दारात हा उभा. उंच, हडकुळा, खांद्याला खाकी पिशवी. ओझरच्या विमानांच्या कारखान्यात उमेदवारी करून आलेला आणि आता रविवार कारंज्याजवळ विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी वाइंड करून देणारा.

"चपला बाहेर," मी म्हटलं.

"बाहेर पाणी वाहतंय, मॅडम. गोदावरीला जातील."

"मग हातात धरा."

त्याने खरंच चपला काढल्या, पिशवीत घातल्या आणि अनवाणी आत आला. फरशीवर ओले पाय उमटले. मी त्या पायांकडे रागाने पाहिलं, आणि तो हसला. हसताना त्याच्या हिरड्यांतून किंचित रक्त आलेलं मला दिसलं, पण तेव्हा मी ते मनावर घेतलं नाही.

मशीनचं झाकण काढताना पत्र्याची कड त्याच्या बोटाला लागली. एवढंसं कापलं. मी कापूस दिला. तो भिजला. दुसरा दिला, तोही भिजला.

"थांबेल हो," तो म्हणाला. "आमचं रक्त जरा चिवट आहे."

"दंडावर हे निळे डाग कसले?"

"मोटारी उचलतो ना. लागतं कुठं कुठं."

"लागल्याचं आठवतं?"

तो थांबला. "...नाही."

"वायाच चाललंय, तर एक थेंब इकडे द्या," मी म्हटलं, आणि त्याचं बोट धरून काचेच्या स्लाइडवर टेकवलं. तरुण पुरुषाचं बोट मी तसं रोजच धरायची, ते माझं कामच होतं. तरी ते बोट सोडायला मला क्षणभर उशीर झाला, हे मला तिथल्या तिथे कळलं.

स्लाइड वाळवली, रंगवली, मायक्रोस्कोपखाली घातली. पांढऱ्या पेशी असायला हव्यात त्याच्या कितीतरी पट होत्या आणि जवळजवळ सगळ्या कोवळ्या, अर्धवट, मोठ्या केंद्राच्या. अशा पेशी रक्तात येणं म्हणजे काय, हे मला पुस्तकातून माहीत होतं.

"काय दिसतं?" त्याने मागून विचारलं.

"काही नाही. रक्त थोडं कमी आहे." मी चष्मा काढला आणि पदराने पुसला.

"चष्मा तर स्वच्छच होता," भिकन म्हणाला.

आमच्या लॅबच्या डॉक्टर सरांनी त्याला मुंबईच्या मोठ्या इस्पितळात पाठवलं. रक्ताचा कॅन्सर. तिथे त्याला एक लाल इंजेक्शन सुरू झालं, सरबतासारखं लालभडक. आणि दुसरं एक होतं ते चक्क आपल्या सदाफुलीपासून काढलेलं. महिन्यातून एकदा मुंबई आणि दर आठवड्याला रक्त तपासायला आमची लॅब. एके दिवशी तो डालड्याच्या डब्यात लावलेलं सदाफुलीचं रोप घेऊन आला आणि माझ्या टेबलावर ठेवलं.

"हे काय?"

"माझं औषध. दुकानात महाग पडतं, म्हटलं घरीच पिकवावं."

"पान तोंडात टाकायचा शहाणपणा करू नका. विष असतं ते."

"मग तुम्ही लक्ष ठेवा. म्हणून तर इथं ठेवलं."

त्याचे केस गळून गेले होते. डोक्यावर लोकरीची कानटोपी, खाली ते दोन मिस्कील डोळे. मी मान खाली घालून सुई शोधायला लागले.

त्याच्या घरी आजाराचं नाव कुणी घेत नसे. त्याची आई भिमाबाई 'अशक्तपणा' म्हणायची. घर सांभाळणारे सावळीराम मामा, जिल्हा परिषदेत कारकून होते, ते नुसतं 'ते' म्हणायचे. धाकटी बहीण शकू काहीच म्हणायची नाही, नुसती रडायची.

"माझ्या आधीची दोघं गेली," भिकनने एकदा सांगितलं. "म्हणून आईनं पदर पसरून मला मागून घेतलं. भिकन नाव त्याचंच. भिकेत मिळालेला माल, मॅडम... तक्रार चालत नाही."

"मी काही तक्रार केलेली नाही."

"तुम्ही एक करा. मला खरं सांगत जा. स्लाइडमध्ये जे असेल ते. घरात कुणी सांगत नाही, आणि तुम्हाला खोटं जमत नाही. खोटं बोलायच्या आधी तुम्ही चष्मा पुसता."

माझे कान तापले. चोवीस वर्षांत कुणी माझं असं निरखून पाहिलं नव्हतं. "बरं," मी म्हटलं. तेवढंच.

मग ती जादू झाली. हिवाळ्यात एका सकाळी मी त्याची स्लाइड पाहिली, पुन्हा पाहिली, सरांना दाखवली. कोवळ्या पेशी गायब. मी त्याच्याकडे वळले. मी दोन्ही हात वर केले, चष्म्यापासून चांगले लांब.

"बघा," मी म्हटलं. "पुसत नाहीये."

तो म्हणाला, "सोमेश्वरला येता? धबधबा बघू. भुईमुगाच्या शेंगा माझ्याकडून."

त्यानंतर आम्ही सोमेश्वरला कितीदा गेलो, ते मी कधी मोजलं नाही. तो दगडावर बसून शेंगा सोलायचा, दाणे माझ्या तळहातावर ठेवायचा आणि टरफलं स्वतःच्या खिशात. त्याला नवे केस येत होते, लहान मुलासारखे मऊ. एकदा वाऱ्याने टोपी उडाली तेव्हा मी त्यांना हात लावला... आणि पटकन काढून घेतला. त्यानंतर सोमेश्वरला येताना त्याने टोपी घातली नाही.

मला लग्न करायचं होतं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, त्यालाही नाही. तो विचारेल म्हणून थांबले होते. तो बहुधा पेशींचं काय होतंय ते बघायला थांबला होता.

शकूचं लग्न मात्र ठरलं. सिन्नरचं स्थळ मामांनी आणलं होतं. मुलगा एस.टी.त, साखरपुडा झाला, लग्न ज्येष्ठात. आणि चैत्रात भिकनच्या स्लाइडमध्ये त्या पेशी परत दिसल्या. मी त्याला जे दिसलं ते तसंच्या तसं सांगितलं. चष्मा डोळ्यांवरच होता.

"बरं झालं सांगितलं," तो म्हणाला.

मुंबईला या वेळी भिमाबाईंनी मला सोबत नेलं, डॉक्टरांचं बोलणं समजून घ्यायला. मामाही होते. लाल इंजेक्शनचे डोस पुन्हा झाले, पण पेशी हलायला तयार नव्हत्या. डॉक्टर तरुण होते, दमलेले होते. त्यांनी मला आणि मामांना बाजूला घेऊन सांगितलं. प्रत्येकाच्या पेशीत एक जीन असतो, बहुतेक ठिकाणी तो गप्प असतो. याच्या बिघडलेल्या पेशींत तो जोरात चालू झालाय, म्हणून औषध लागू पडत नाही. परदेशात हे आत्ता आत्ता उमगलंय. मामांनी मान हलवली, आणि त्यांचा चेहरा एकदम राखेसारखा झाला. मला वाटलं, भाच्यासाठीच.

परतीच्या गाडीत भिकन खिडकीशी, मी समोर. इगतपुरीला घाटात मागून ढकलणारं इंजिन सोडवायला गाडी थांबली. थंड वारा आत आला.

"सांगा," तो म्हणाला. "काय म्हणाले?"

"पेशीला एक भिंत असते," मी म्हटलं. "तुमच्या त्या पेशींनी भिंतीत पंप बसवलेत. औषध आत गेलं की ते उपसून बाहेर टाकतात. औषध चांगलं आहे, पण पेशीच्या पोटात टिकतच नाही. तो पंप बनवायचा हुकूम त्या जीनमध्ये असतो. आधी अशा थोड्याच पेशी असतील. औषधाने बाकीच्या मेल्या, त्या तेवढ्या उरल्या... आणि वाढल्या."

तो खिडकीबाहेर बघायला लागला. मग त्याच्या खांद्यांना हसू फुटलं.

"आयुष्यभर दुसऱ्यांच्या विहिरीवरच्या मोटारी चालू करत हिंडलो. आणि माझ्याच रक्तात कुणी मोटार बसवून गेलं. बंद करायचं बटण आहे का तिला?"

"एक गोळी आहे. रक्तदाबाची. काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर दिली, तर पंप अडतो आणि औषध आत राहतं. माणसात काय होतं ते अजून नीट माहीत नाही. डॉक्टर देऊन बघणार आहेत."

"म्हणजे आहे बटण."

"आहे... की नाही, ते बघायचंय."

"तुम्ही किती कंजूष आहात हो, मॅडम," भिकन म्हणाला. "एक 'हो' म्हणवत नाही."

आठवडाभराने शकू रडत लॅबमध्ये आली. सिन्नरकरांनी निरोप धाडला होता, लग्न थांबवा. सावळीराम मामा स्वतः जाऊन त्यांना सांगून आले होते की मुलीच्या भावाचा आजार जीनमधला आहे. जीन म्हणजे आईबापांकडून येतं ते, एवढं मामांना ठाऊक होतं. स्थळ त्यांनी जुळवलेलं, शब्द त्यांचा. उद्या शकूच्या पोरांना काही झालं, तर दोष लपवून मुलगी गळ्यात बांधली असं व्हायला नको. मामा इतके सरळ, की त्या सरळपणानेच त्यांनी भाचीचं लग्न मोडत आणलं होतं. भिकनने हे ऐकलं आणि त्या दिवसापासून जेवण टाकलं. आजाराने नाही मोडला तो, याने मोडला.

मी मामांना घेऊन सिन्नर गाठलं.

मुलाचे वडील सहादू ओसरीत बसले होते. आई लताबाई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होत्या. जयभीम झाला, पाणी झालं. मग मी बोलायला लागले. हा जीन माझ्यात आहे, तुमच्यात आहे, तुमच्या मुलात आहे. तो आजार आणत नाही. भिकनच्या फक्त त्या बिघडलेल्या पेशींत तो मोकाट सुटलाय, जन्मतः नाही, मागाहून. तो बिघाड ना शकूमध्ये आलाय, ना तिच्या पोरांत जायचा. सगळं सांगितलं. सहादूंनी मान डोलावली, पण बायकोकडे पाहिलं.

लताबाईंचे हात थांबले नव्हते. "तू शिकेल हाय बाई," त्या म्हणाल्या, "तुला बोलाया येतं. मला एक सांग. तुझ्या घरची पोर दिली असती का तू त्या घरात?"

"दिली असती."

"बोलाया काय जातं."

"माझ्या घरची पोर मीच आहे," मी म्हटलं. "मीच जाणार आहे त्या घरात. भिकनशी लग्न करून."

लताबाईंचे हात थांबले. त्यांनी सूप बाजूला ठेवलं. माझ्याकडे नीट, वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"आन् त्यो... बरा व्हईल का?"

"माहीत नाही," मी म्हटलं.

त्या उठल्या, आत गेल्या आणि चहा घेऊन आल्या. "ज्येष्ठातच करू," त्या म्हणाल्या. "तारीख नाय बदलायची."

परत नाशिकला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. भिकन अंगणात खाटेवर बसला होता. मामांनी आल्या आल्या सगळं सांगून टाकलं. पोटात ठेवतील तर ते मामा कसले. मी दाराच्या चौकटीकडे बघत उभी होते.

भिकनने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "मामा, ती हे बोलली तेव्हा चष्मा पुसला का तिनं?"

"चष्मा?" मामा गोंधळले. "नाय बा. हातबी नाय लावला. का रं?"

"काही नाही," भिकन म्हणाला, आणि भिमाबाईंना हाक मारली. "आई, भूक लागलीय."

मामा आत गेल्यावर तो हळूच म्हणाला, "मला विचारायची पद्धत असते हो, मॅडम."

"विचारलं असतं तर काय म्हणाला असतात?"

"साडी कुठल्या रंगाची, ते विचारलं असतं." त्याने नजर खाली केली. "आधी ती आतली मोटार बंद पडू दे. मग... ज्या रंगाची म्हणशील..." 'म्हणाल' असं त्याने लगेच दुरुस्त केलं, पण मी ऐकायचं ते ऐकलं होतं.

लाल इंजेक्शनाबरोबर ती गोळी सुरू झाली. गोळीने त्याचं डोकं गरगरायचं, उठून उभा राहिला की भिंत धरायचा. पण पहिल्या स्लाइडमध्ये पेशी कमी दिसल्या. पुढच्या आठवड्यात आणखी कमी. मी आईला सांगून टाकलं. आई दिवसभर बोलली नाही आणि संध्याकाळी ट्रंकेतून तिची अबोली रंगाची साडी काढून माझ्या पलंगावर ठेवली. मी ती अंगाला लावून आरशात पाहिली आणि एकटीच हसले. मी फार सुखात होते त्या दिवसांत.

शकूचं लग्न झालं. भिकन खुर्चीत बसून होता, पण पाठवणीला उठला, भिंत न धरता. शकूला जवळ घेतलं. लताबाई माझ्या कानाशी आल्या, म्हणाल्या, "आता तुझं कधी गं?" मी लाजून भिकनकडे पाहिलं, तर तो आमच्याकडेच बघत होता.

त्यानंतरच्या सोमवारी तो लॅबमध्ये आला, नेहमीच्या स्टुलावर बसला. सदाफुलीला एक फूल आलं होतं, त्याच्याशी खेळत बसला. मी मायक्रोस्कोपला डोळा लावला.

त्या परत आल्या होत्या. थोड्याथोडक्या नाही. स्लाइड सरकवावी तिकडे त्याच होत्या, भरलेल्या, ताज्या. गोळीचा जेवढा डोस त्या पंपांना पुरला असता, तेवढा माणसाच्या हृदयाला झेपला नसता. बशीतल्या पेशींना हृदय नसतं.

मला सगळं खरं सांगायचं होतं. शब्द ठरवूनही झाले होते. पण मी डोळे वर केले, त्याचा चेहरा पाहिला, आणि माझा हात आपोआप चष्म्याकडे गेला.

"राहू द्या," भिकन म्हणाला. "कळलं."

त्याच महिन्यात मुंबईच्या डॉक्टरांचा निरोप आला. त्यांच्याकडे पेशी वाढवून, कुठली औषधं कुठल्या पेशी बाहेर टाकतात ते बघायचं काम सुरू होत होतं. मुलगी हवी होती, हात स्थिर असलेली. तुम्ही याल का? मी नाही म्हणून कळवायचं ठरवलं. लग्न करायचं, तो आहे तोवर त्याच्या घरात राहायचं. त्यात मला विचार करण्यासारखं काही वाटलं नाही. भिकनला हे मामांकडून कळलं, अर्थातच.

मी त्याच्या घरी गेले. ऐन दुपार होती. तो खाटेवर उशीला टेकून बसला होता, खूप वाळलेला, डोळे तेवढे तसेच. उशाशी सदाफुलीचा डबा होता. लॅबमधून त्याने तो परत मागवून घेतला होता.

"मुंबईला जा," तो म्हणाला.

"नाही."

"तिथं माझ्यासारख्या कुणाच्या तरी पेशी असतील. त्या मोटारीचं बटण शोधा. मला नाही मिळालं, पुढच्याला मिळेल."

"पुढच्याशी मला काय करायचंय?" माझा आवाज चढला. "मला तुमच्याशी लग्न करायचंय. अबोली साडी काढून ठेवलीय आईने. तुम्ही एक शब्द बोला, मी उद्या येते ती नेसून."

आत भिमाबाईंनी स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज येत होता. मग त्याने हात पुढे केले... आणि माझ्या नाकावरचा चष्मा अलगद काढून घेतला. समोरचं सगळं पुसट झालं. शर्टाचं टोक धरून तो चष्मा पुसायला लागला. एक काच, मग दुसरी. सावकाश, कडेकडेने, पुन्हा पुन्हा.

"सुमेधा," तो म्हणाला. पहिल्यांदाच, नावाने. "माझं तुझ्यावर प्रेमबिम काही नाही. कधीच नव्हतं. तू खुशाल जा."

त्याने चष्मा परत माझ्या डोळ्यांवर बसवला, काड्या नीट कानांमागे सारल्या. काचा लख्ख झाल्या होत्या. तरी मला तो नीट दिसेना.

"कळलं," मी म्हटलं.